वाडा कशावर उभा असतो?

नाशिकला पाहुणे आले की त्यांची सहल ठरलेली असते. रामकुंड, काळाराम, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर आणि हल्ली त्यात एखादी वायनरी. दोन दिवस संपतात, पाहुणे खूश होऊन पुण्या-मुंबईला परत जातात. गाडगे महाराज पूल ओलांडून पलीकडे गेलं की सुरू होणारं जुनं नाशिक मात्र राहूनच जातं. सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन, दहीपूल, तिवंधा, हुंडीवाला लेन, तिळभांडेश्वर गल्ली, डिंगर आळी... समोरून रिक्षा आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल अशा गल्ल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना वाडे. काही ठणठणीत, काही लोखंडी टेकूंवर, आणि काहींचा फक्त दरवाजा शिल्लक. दरवाजाच्या आत बघावं तर एरंडाची झाडं.

वाड्यांवर लिहायला बसलं की साधारण दोन सूर लागतात. पहिला आठवणींचा: चौकातली तुळस, उन्हाळ्याच्या सुट्टीतले आंबे, ओसरीवरचा झोपाळा वगैरे. दुसरा व्यवहाराचा: काय ते जुनं धरून बसायचं, पाडा एकदाचे आणि टॉवर बांधा. मला या दोन्हींच्या मधला प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो. अडीचशे वर्षं उभा राहिलेला वाडा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतच का पडायला लागला? पाऊस तर तोच आहे, लाकूडही तेच. मग बदललं काय?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

जुनं नाशिक टेकड्यांवर वसलंय. नऊ शिखरांचं म्हणून नाशिक अशी नावाची एक व्युत्पत्ती सांगतात (दुसरी अर्थातच शूर्पणखेच्या नाकाची). जुनी गढी, नवी गढी, डिंगर आळी, सोनार आळी, चित्रघंटा ही त्या टेकड्यांचीच नावं. गल्ल्या अशा वर-खाली का जातात, मध्येच पायऱ्या का येतात, त्याचं कारण हेच. यातली गोदावरीच्या काठावरची जुनी गढी, जिला लोक काझी गढी म्हणतात, ती म्हणजे मातीचा नुसता ढिगारा नव्हे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. खालच्या थरात ताम्रपाषाणयुगातल्या वावराच्या खुणा मिळाल्या आणि त्यावर सातवाहनकाळातली नांदती वस्ती. म्हणजे जुन्या नाशकातलं घर बहुतेक वेळा कुठल्या तरी आणखी जुन्या घराच्या डोक्यावर उभं असतं.

मुघलांच्या काळात शहराचं नाव होतं गुलशनाबाद. अठराव्या शतकाच्या मध्याला शहर पेशव्यांकडे आलं, जुनं नाव परत आलं आणि बांधकामाची एक लाटच आली. १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी रामेश्वराचं देऊळ बांधलं, ज्याला आपण नारोशंकराचं देऊळ म्हणतो. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी सुंदरनारायण बांधलं. शतक संपायच्या आत सरदार रंगराव ओढेकरांचं काळाराम मंदिर उभं राहिलं. पेशव्यांच्या घरातली माणसंही इथे राहायला आली. थोरल्या माधवरावांची आई गोपिकाबाई मुलाशी मतभेद झाल्यावर जवळच गंगापूरला येऊन राहिल्या. राघोबादादांचा मुक्काम नदीकाठच्या चौंधसला असायचा. त्या गावाला पुढे आनंदीबाईंवरून आनंदवल्ली नाव पडलं. आज तिथे फ्लॅटच्या जाहिराती लागतात, बऱ्याच जणांना नावामागची आनंदीबाई माहीत नसते!

जिथे सरदार देऊळ बांधतो तिथे त्याला उतरायला घर लागतं. शिवाय त्याचा कारभारी, सावकार, उपाध्याय, सराफ, तांबट, सुतार हे सगळे आलेच. वाडे असे उभे राहिले. माझं आवडतं उदाहरण हिंगणे घराण्याचं. हे मूळचे नाशिकचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे यात्रेकरूंचे धर्मविधी करणारे भटजी. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीला गेले त्यांच्याबरोबर महादेव भट हिंगणे गेले आणि मराठ्यांचे वकील म्हणून तिथेच राहिले. आजच्या भाषेत सांगायचं तर रामकुंडावरचा पुरोहित दिल्ली दरबारी राजदूत झाला. निफाडजवळ चांदोरीला हिंगण्यांचा वाडा आहे, नक्षीकाम बघायला मुद्दाम जावं असा.

सगळ्यात मोठं नाव अर्थात सरकारवाड्याचं. सराफ बाजारातला हा पेशव्यांचा वाडा. काळ्या दगडाचं उंच जोतं, पायऱ्या आणि वर लाकडी खांबांची रांग. पेशवाई गेल्यावर तो इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा मुक्कामही बरीच वर्षं इथे होता. आज तो राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. हे लक्षात ठेवा, सरकारवाड्याकडे परत यायचंय.

आता वाडा म्हणजे नक्की काय, ते बघू. ज्यांचं लहानपण फ्लॅटमध्ये गेलंय त्यांच्यासाठी हा छोटासा टूर.

बाहेरून बहुतेक वाडे तोंड मिटून बसल्यासारखे दिसतात. खाली दगडी भिंत, खिडक्या जवळजवळ नाहीत आणि मोठा दरवाजा. त्या दरवाजातच एक छोटं दार असतं, ती दिंडी. रोजची ये-जा दिंडीतून. मान वाकवूनच आत जावं लागतं, त्यामुळे शिरणारा एका वेळी एकच आणि तोही बेसावध. सिक्युरिटीची याहून स्वस्त व्यवस्था मी पाहिलेली नाही :) आत देवडी, तिथे पहारेकरी. मग एकदम उजेड: चौक. चौकाभोवती ओसरी किंवा सोपा, जिथे बाहेरचे लोक बसणार, हिशेब होणार, पंगती उठणार. त्याच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली. वर माडी. धान्याला बळद, सामानाला पोटमाळा, भिंतीत कोनाडे आणि फडताळं. मोठ्या वाड्याला दोन किंवा तीन चौक: पहिला कामकाजाचा, दुसरा घरचा, तिसरा गाईगुरांचा आणि आडाचा.

घराचं माप चौरस फुटात नसायचं, खणात असायचं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ‘पाच खणी ओसरी’ म्हटलं की सुताराला सगळं कळलं. म्हणजे वाडा हे चक्क मॉड्युलर डिझाइन आहे. वाढवायचा तर खण वाढवा.

आणि यातली खरी गोम म्हणजे वाड्याचं वजन भिंती उचलत नाहीत. ते उचलतो लाकडी सांगाडा. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, त्यावर तुळई, तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या आणि मातीची जमीन. साग येणार पेठ-डांगच्या जंगलांतून. भिंती मधल्या जागा भरतात, ऊन-वारा अडवतात: खाली दगड, वर पातळ विटा, बऱ्याच ठिकाणी नुसत्या मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा. जाड भिंती दिवसाची उष्णता धरून ठेवतात, चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि ओसरीवर झुळूक येते. एप्रिलच्या दुपारी गल्लीतून एखाद्या चांगल्या वाड्याच्या देवडीत पाऊल टाकून बघा, फरक अंगाला लगेच कळतो.

आता या डिझाइनचा कमकुवत दुवा कोणता? पाणी. कौल सरकलं की पाणी तुळईच्या टोकाशी जातं, म्हणजे नेमकं जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे. तिथे ते दिसत नाही आणि लवकर सुकतही नाही. लाकूड कुजतं, वाळवी लागते. भिंतीतली माती पाणी पिते, फुगते, सुटते. म्हणून वाड्याचं एक वार्षिक वेळापत्रक होतं. पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवायची. पन्हाळी साफ करायच्या. दिवाळीआधी चुना काढायचा. लाकडाला तेलपाणी. जमीन सारवायची. कुठे तुळई वाजली, कुठे भिंत पोटातून फुगली की सुतार-गवंडी बोलवायचा. ठरलेले सुतार, ठरलेले गवंडी, पिढ्यान्‌पिढ्या. आपल्या भाषेत एएमसी.

म्हणून माझं म्हणणं असं: वाडा सागाच्या खांबांवर अर्धाच उभा असतो. उरलेला अर्धा उभा असतो डागडुजीवर. आणि डागडुजी उभी असते एका साध्या गोष्टीवर. ती करणं हे कुणाचं तरी काम असावं लागतं, आणि ते करायला त्याच्याकडे पैसे असावे लागतात.

हे सगळं गोड चित्र रंगवताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. आळ्या जातीने वसलेल्या होत्या. नावंच सांगतात: तांबट, सोनार. कोण कुठपर्यंत येणार हे ठरलेलं होतं: कुणी ओसरीपर्यंत, कुणी देवडीपर्यंत, कुणी गल्लीपर्यंतसुद्धा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. वाड्याच्या आतही सगळं आलबेल नव्हतं. चौकातला उजेड ओसरीवरच्या पुरुषांना, बायकांचा दिवस माजघराच्या अंधारात आणि चुलीच्या धुरात. ‘वाडा संस्कृती’ म्हणून उसासे टाकताना हे आठवावं.

तर, बदललं काय? पेशवाई १८१८ ला संपली. वतनं, इनामं, सरदारकी यांतून येणारा पैसा हळूहळू आटला. वाडा होता तेवढाच मोठा, उत्पन्न छोटं. मग मालकांनी जे करायचं तेच केलं: खोल्या भाड्याने दिल्या. नाशकात हे नवीन नव्हतंच. तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत यजमान उतरायचे, त्यांच्या वंशावळीच्या वह्याही तिथेच असायच्या. आता यात्रेकरूंच्या जागी कायमचे बिऱ्हाडकरू आले. शाळामास्तर, कारकून, कोर्टात काम करणारे, शिकायला आलेली मुलं. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, सामाईक नळ, सामाईक संडास. माझ्या आत्याचा संसार अशाच एका वाड्यात सुरू झाला. ओसरीचे दोन खण पत्र्याने बंद करून केलेली खोली. नाशिकच्या मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या अशा वाड्यांतून घडल्या. तिळभांडेश्वर गल्लीतल्या अशाच एका घरात विसाव्या शतकाच्या तोंडावर सावरकरांच्या मित्रमेळ्याच्या बैठका व्हायच्या. पुढे १९०४ मध्ये त्याचीच अभिनव भारत झाली. १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनचा खून झाला आणि पोलिसांनी शहर पिंजून काढलं. त्या इतिहासाचा पत्ता म्हणजे एक अरुंद गल्ली.

भाडेकरू आले तोपर्यंत ठीक चाललं होतं. भाडं यायचं, त्यातून शाकारणी व्हायची. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरांत घरांची टंचाई, घरमालक वाटेल ते भाडं मागणार. भाडेकरूला संरक्षण देणं आवश्यकच होतं. कायद्याने काय केलं, तर साधारणपणे १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते ‘प्रमाणभूत भाडं’ मानून गोठवलं. कायदा तात्पुरता होता. तो वाढवत वाढवत अर्धं शतक चालला. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली.

आता थोडं गणित करू (इंजिनिअरला दुसरं काय येतं?). समजा २००० साली एका खोलीचं भाडं महिना ५ रुपये होतं. वर्षाला ४ टक्के, अगदी चक्रवाढीने धरलं, तरी पंचवीस वर्षांनी ते होतं सव्वातेरा रुपये. दहा बिऱ्हाडं असतील तर महिना सव्वाशे-दीडशे रुपये. एवढ्यात गवंडी अर्धा दिवसही येत नाही. तुळई तर सोडूनच द्या.

मालक म्हणतो, मी का खर्च करू, उत्पन्न काहीच नाही. भाडेकरू म्हणतो, मी का करू, घर माझं नाही. दोघंही आपापल्या जागी चूक नाहीत, हीच यातली अडचण आहे. काहींच्या मनात एक शांत हिशेबही असतो. वाडा आपोआप पडला तर जागा मोकळी होईल. आणि भाडेकरूचा हिशेब असा, की एकदा बाहेर पडलो तर परत आत येता येणार नाही, म्हणून टेकूखाली का होईना, राहायचं.

यात भर पडली वाटण्यांची. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव, त्यांचे चार मुलगे, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, कुणी पुण्यात, कुणी न्यू जर्सीत. एका वाड्याला तीस-चाळीस मालक आणि दुरुस्तीच्या कागदावर सही करायला एकही नाही. ज्या लेगसी सिस्टीमचा कुणीच ओनर नसतो तिचं काय होतं, ते आमच्या ऑफिसात रोज बघतो. चालतंय तोवर कुणी हात लावत नाही आणि एक दिवस रात्री दोन वाजता ती पडते.

वाडा पडतो तोही असाच. चौकात न्हाणीघरं बांधलेली, माडीवर पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला (त्याने आतली ओल आतच कोंडते). गल्लीतला रस्ता दर वेळी थरावर थर टाकून उंच झालेला, त्यामुळे पावसाचं पाणी जोत्याशी. शेजारचा वाडा पाडलेला, म्हणजे सामाईक भिंतीचा आधार गेलेला. त्यात गोदेचा पूर. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आपण पूर मोजतो, पण २००८ च्या सप्टेंबरमध्ये पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं होतं. मातीत रचलेल्या भिंतीला असे दोन दिवस पुष्कळ होतात. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना शेकड्यांनी नोटिसा काढते. दरवर्षी त्यातले काही पडतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुन्या तांबट लेनमधला वाडा पडला तेव्हा आत माणसं होती आणि त्यातली काही परत आली नाहीत. काझी गढीच्या कडेला राहणाऱ्यांनाही दर पावसाळ्यात हलायला सांगतात, गढीची माती खाली येते, आणि ऑक्टोबरात सगळं विसरलं जातं.

नोटीस म्हणजे काय, तर महापालिकेने सांगितलं की तुमचा वाडा पडणार आहे. हे त्या वाड्यात राहणाऱ्याला आधीच माहीत असतं. प्रश्न दुरुस्ती कोण करणार हा आहे, आणि त्याचं उत्तर नोटिशीत नसतं. मुंबईत या प्रश्नाला निदान एक पत्ता आहे. १९६९ च्या कायद्याने तिथे दुरुस्ती मंडळ झालं. बेटावरच्या जुन्या इमारती उपकर भरतात आणि दुरुस्तीची जबाबदारी त्या मंडळाची असते. त्याचं काम कसं चालतं यावर वेगळा लेख होईल, इमारती तिथेही पडतात. पण कुणाकडे जायचं हे तरी माहीत असतं. ही सोय मुंबई बेटापुरतीच. नाशिकच्या वाड्याला असं कुणी नाही.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असंही नाही. कंपनीच्या कामासाठी बीजिंगला आठवडाभर होतो तेव्हा तिथल्या हुतोंग गल्ल्यांत भरपूर हिंडलो. तेराव्या शतकात मंगोलांनी राजधानी वसवली तेव्हापासूनच्या या गल्ल्या. त्यांत सी-हे-युआन, म्हणजे चारी बाजूंना घरं आणि मध्ये चौक. बाहेरून तोंड मिटलेलं, आत उजेड. दरवाजातून थेट आत दिसू नये म्हणून समोर आडवी भिंत. उत्तरेकडचं, दक्षिणेला तोंड केलेलं मुख्य घर वडीलधाऱ्यांचं. मला दर दहा मिनिटांनी तिवंधा आठवत होता.

त्यांची कथाही तीच. १९४९ च्या क्रांतीनंतर एका कुटुंबाच्या घरात दहा-दहा कुटुंबं आली. १९७६ च्या तांगशान भूकंपानंतर लोकांनी भीतीने चौकात तात्पुरते निवारे बांधले, ते कायमचे झाले. चौकच बुजला. अशा घराला त्यांनी वेगळं नावही दिलं: दा-झा-युआन, म्हणजे सगळ्यांची खिचडी झालेला मोठा चौक. मग १९९० नंतर आणि २००८ च्या ऑलिंपिकच्या आधी बुलडोझर आले, गल्ल्याच्या गल्ल्या गेल्या. आता जे उरलंय त्यात काही ठिकाणी कॅफे आहेत, सायकलरिक्षा आहेत आणि फोटो काढणारे आपण आहोत.

पण एक प्रयोग बघण्यासारखा आहे. जुअर हुतोंगमध्ये वू ल्यांगयोंग या वास्तुविशारदाने १९९० च्या सुमारास मोडकळीला आलेली घरं काढून त्याच मापात दोन-तीन मजली घरं बांधली. चौकाभोवतीच, पण प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं स्वयंपाकघर आणि संडास. गल्ली तशीच ठेवली. त्याला १९९२ चा वर्ल्ड हॅबिटाट पुरस्कार मिळाला. मूळची बरीच कुटुंबं तिथे परतू शकली नाहीत, ही त्याची मर्यादा. तरी ‘एक तर पाडा नाही तर म्युझियम करा’ याच्यापलीकडे तिसरा रस्ता असतो, हे त्याने दाखवलं.

नाशकात तो रस्ता अजून सापडलेला नाही. २०१६ मध्ये नाशिक स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, गावठाणाच्या विकासाचं बोलणं झालं. काम मुख्यतः रस्ते आणि पाइपलाइनवर गेलं. आता सिंहस्थ आलाय, तेव्हा गल्ल्या रुंद करायचा विषय पुन्हा निघणारच. आणि तो निव्वळ बिल्डरांचा हट्ट नाही. २७ ऑगस्ट २००३ ला कुंभमेळ्यात पंचवटीत सरदार चौकाजवळच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. अरुंद गल्ली फोटोत छान दिसते, लाखाच्या गर्दीत ती सापळा होते. पंचवटीतल्या गर्दीच्या वाटा आणि पलीकडच्या काठावरच्या राहत्या आळ्या यांना एकच नियम लावून चालणार नाही, एवढं तरी कळायला हवं. अग्निशमनाचा बंब आत जाईल अशी वाट हवी. पण त्यासाठी अख्खी आळी सपाट करायची गरज नाही. जुन्या वाड्याच्या मालकाला वारसा जपल्याबद्दल टीडीआर देण्याची तरतूद राज्याच्या नियमांत आहे. ती तीस सह्यांच्या जंगलातून मालकापर्यंत पोहोचवणारं कुणी तरी हवं.

आणि आता सरकारवाडा. तो का उभा आहे? त्याचा साग काही वेगळा नव्हता, गोदावरीही तीच. पण त्याला एकच मालक आहे, मालकाकडे दुरुस्तीचं बजेट आहे आणि कौल फुटलं तर फाइल कुणाच्या टेबलावर जाणार हे ठरलेलं आहे. सरकारी गतीने का होईना, दुरुस्ती होते. वाडा टिकवणं तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही, याचा पुरावा भर सराफ बाजारात उभा आहे.

दुसरा पुरावा जमिनीखाली आहे. रंगपंचमीला नाशकात असाल तर जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या रहाडी जरूर बघा. चौकात जमिनीखाली दगडाने बांधलेला पेशवेकालीन हौद म्हणजे रहाड. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके आणि माती. वरून गाड्या जातात, नवख्याला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीआधी ती उकरून काढतात, साफ करतात, पूजा होते आणि फुलांपासून उकळून केलेल्या रंगाने भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: तिवंध्याचा पिवळा, शनी चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी. मग त्यात उड्या, ज्याला आम्ही धप्पा म्हणतो. आजूबाजूचे वाडे गेले, लोक गंगापूर रोडला, इंदिरानगरला राहायला गेले, तरी त्या दिवशी आपल्या आळीच्या रहाडीवर येतात. मला यात सण तर दिसतोच, शिवाय एक मेंटेनन्स शेड्यूलही दिसतं. दरवर्षी एक दिवस ठरलेला, काम ठरलेलं, मान कुणाचा तेही ठरलेलं. म्हणून अडीचशे वर्षांचा हौद अजून पाणी धरतो. शाकारणीलाही असा मान असता तर!

ज्यांना हे बघायचंय त्यांच्यासाठी थोडी माहिती. रविवारी सकाळी लवकर निघा, सातच्या सुमारास. दुकानं उघडली की वर बघायला जागा उरत नाही. सरकारवाड्यापासून सुरुवात करा, मग भांडी बाजार, तांबट लेन, तिवंधा, तिळभांडेश्वर गल्ली असं पायी फिरा. गाडी बाहेरच ठेवा. नजर दुकानाच्या पाट्यांच्या वर ठेवा: सुरूदार खांब, महिरपी, दाराच्या चौकटीवरची गणेशपट्टी, तुळयांखालचे कोरीव घोडे सगळं तिथे आहे. दिंडी उघडी दिसली म्हणून सरळ आत शिरू नका, ते लोकांचं घर आहे. दाराशी उभं राहून ‘काकू, चौक बघू का?’ एवढं विचारलं तर बहुतेक वेळा होकार मिळतो, कधी चहासुद्धा. टेकू लावलेल्या वाड्यात मात्र कुणी बोलावलं तरी पावसाळ्यात जाऊ नका. वेळ असेल तर चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि चांदोरी एका दिवसात होतं.

आणि फिरताना एक करून बघा. वाडा किती जुना, कुणा सरदाराचा, हे विचारून झालं की शेवटी विचारा, कौलं शेवटची कधी फेरली? ज्या वाड्यात याचं उत्तर लगेच मिळतं, कुणी तरी ‘यंदाच मे महिन्यात’ असं सांगतं, तो वाडा राहील. जिथे चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, तिथले फोटो आत्ताच काढून ठेवा.